रेक्टिफायर व्हॉल्व्ह बदलताना: पिना जुळल्या म्हणजे व्हॉल्व्ह जुळला असं नाही

माझ्याकडे एक छोटा सिंगल-एंडेड (एकाच आउटपुट व्हॉल्व्हवर चालणारा) व्हॉल्व्ह अँप आहे. आउटपुटला एकच ६व्ही६ व्हॉल्व्ह, त्याला कॅथोड बायस (कॅथोड म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग; त्याच्या तारेतला रेझिस्टर व्हॉल्व्हचा करंट ठरवतो), आणि रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह, ५वाय३जीटी. मूळचा ५वाय३ थकला तेव्हा खणात जीझेड३४ हा दुसरा रेक्टिफायर पडून होता. पिना त्याच, फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) पाचच व्होल्टचं, करंटही जवळपास तेवढाच. लावून टाकला. आवाज मोकळा झाला, जोर वाढला, मी खूश. रात्री खोलीतला दिवा मालवला तेव्हा ६व्ही६च्या प्लेटवर (करंट गोळा करणाऱ्या धातूच्या पत्र्यावर), शिवणीच्या बाजूला, एक मंद तांबूस पट्टा दिसला; प्लेट लाल होईपर्यंत तापत होती. मीटर लावला तर प्लेटचं व्होल्टेज ३२० वरून ३५५ वर गेलेलं.

रेक्टिफायर शोधताना बहुतेक जण आवाजापासून सुरुवात करतात: कुठला ‘गोड’, कुठला ‘घट्ट’. माझं मत सरळ आहे. सुरुवात ट्रान्सफॉर्मरपासून करायची, मग पहिल्या कपॅसिटरकडे (रेक्टिफायरनंतर लगेच येणारा, डीसी सपाट करणारा) यायचं, मग आउटपुट व्हॉल्व्हकडे. या तिघांनी होकार दिल्यावर जे दोन-तीन पर्याय उरतील त्यांत कानाने खुशाल निवड करा.

हात घालण्याआधी

रेक्टिफायरच्या सॉकेटवर अँपमधलं सगळ्यात घातक व्होल्टेज असतं. प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. मग १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना जोडून, एक टोक आधी चासीला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) आणि दुसरं पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या प्लसला लावा. ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तीन-चार सेकंदांत रिकामा होतो, पण अंदाजावर जाऊ नका. मीटरवर शून्य दिसू द्या. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करायची जुनी सवय असेल तर ती सोडा.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. ट्रान्सफॉर्मरचं पाच व्होल्टचं फिलामेंट वाइंडिंग हे स्वतःच बी प्लसवर, म्हणजे अँपच्या मुख्य उंच डीसी व्होल्टेजवर, बसलेलं असतं. दोन पिनांमध्ये मीटर पाच व्होल्ट एसी दाखवतो खरा, पण त्यातली कुठलीही पिन चासीच्या तुलनेत चारशे व्होल्टवर असू शकते. ‘पाचच तर व्होल्ट आहेत’ म्हणून बोट लावू नका.

खरंच रेक्टिफायरच गेलाय का?

सुरू करताना आत लखकन चमकला, फ्यूज उडाला, बी प्लस हळूहळू उतरत चाललाय, जोरात वाजवलं की आवाज बसतो: ही रेक्टिफायर थकल्याची लक्षणं. गेटर, म्हणजे काचेवरचा चंदेरी डाग, पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे आणि विषय संपला. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसत असेल तर घाबरू नका, ती बऱ्याच चांगल्या व्हॉल्व्हमध्येही असते. प्लेटच्या आत, कॅथोडभोवती जांभळट-गुलाबी धुकं दिसलं तर मात्र गॅस झालाय.

गुणगुण ऐकूनही बरंच कळतं. फुल-वेव्ह (एसीच्या दोन्ही अर्ध्या लहरी वापरणाऱ्या) रेक्टिफायरची गुणगुण मेन्सच्या दुप्पट असते, म्हणजे ५० हर्ट्झला १०० हर्ट्झ. तीच खाली उतरून जाड ५० हर्ट्झची झाली तर दोनपैकी एक प्लेट काम करत नसण्याची शक्यता मोठी. थंड व्हॉल्व्ह हातात घेऊन मल्टिमीटरने पाहायचं तर ऑक्टल (आठ पिनांच्या बेसच्या) पाच-व्होल्टवाल्यांत पिन २ आणि ८ मध्ये जेमतेम ओहमभर रेझिस्टन्स, आणि ४ व ६ या प्लेटा एकमेकांपासून आणि फिलामेंटपासून पूर्ण ओपन दिसल्या पाहिजेत.

बरेचदा रेक्टिफायर हा मारेकरी नसून बळी असतो. फिल्टर कपॅसिटर गळायला लागला, किंवा आउटपुट व्हॉल्व्ह शॉर्ट झाला, की त्याचा ताण रेक्टिफायरवर येतो. कारण न शोधता नवा लावलात तर तोही त्याच वाटेने जाईल. तीस-चाळीस वर्षं जुने कपॅसिटर तसेच असतील तर खर्च आधी त्यांच्यावर करा.

नावात काय असतं

युरोपियन नावात पहिलं अक्षर हीटरचं, म्हणजे तापवणाऱ्या तारेच्या व्होल्टेजचं: ‘जी’ म्हणजे ५ व्होल्ट, ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. ‘झेड’ म्हणजे फुल-वेव्ह रेक्टिफायर. पुढचा पहिला आकडा बेसचा: ३ म्हणजे ऑक्टल, ८ म्हणजे नऊ पिनांचा नोव्हल, ९ म्हणजे सात पिनांचा छोटा. त्यामुळे जीझेड३४, ईझेड८१, ईझेड९० ही नावं वाचताच अर्धी माहिती मिळते. अमेरिकन नावात सुरुवातीचा आकडा हीटर व्होल्टेजचा, शेवटी ‘जी’ असेल तर मोठी काच, ‘जीटी’ असेल तर छोटी सरळ नळी. एकच व्हॉल्व्ह दोन-तीन नावांनी विकला जातो: जीझेड३४ म्हणजेच ५एआर४, आणि ब्रिटिश लष्करी शिक्क्यात सीव्ही१३७७. ईझेड८१ म्हणजे ६सीए४, ईझेड८० म्हणजे ६व्ही४, ईझेड९० म्हणजे ६एक्स४. जुन्या ४ पिनांच्या सेटांत दिसणारा ‘८०’ हा स्वभावाने ५वाय३चाच भाऊ आणि ५झेड३ हा ५यू४जीचा. पण बेस वेगळा.

पहिला आकडा: फिलामेंटचा करंट

५वाय३जीटीला २ अँपिअर लागतात, जीझेड३४ला १.९, ५व्ही४जीला २, ५आर४जीवायला २. पण ५यू४जीबीला ३ अँपिअर, आणि जीझेड३७ला २.८. ट्रान्सफॉर्मरचं पाच व्होल्टचं वाइंडिंग दोन अँपिअरचं असेल तर ५यू४ लावणं म्हणजे १० वॅटच्या वाइंडिंगकडून १५ वॅट ओढणं. पहिल्या दिवशी काहीच होणार नाही. तासाभरानंतर ट्रान्सफॉर्मरवर हात ठेववणार नाही, आणि इन्सुलेशन महिनोन् महिने शिजत राहील. व्हॉल्व्ह पुन्हा मिळतो. जुन्या अँपचा मूळ ट्रान्सफॉर्मर मिळणं कठीण.

उलट बदल, म्हणजे ५यू४च्या जागी जीझेड३४, फिलामेंटच्या बाजूने सोपा आहे. वाइंडिंगवरचा भार कमीच होतो. अडचण मग बी प्लसची, तिकडे येतोच आहे.

दुसरा: तो किती डीसी करंट देऊ शकतो

५वाय३जीटी साधारण १२५ मिलिअँपिअर, ५व्ही४जी १७५, ५यू४जी २२५, ५यू४जीबी २७५, जीझेड३४ २५०. छोट्यांमध्ये ईझेड९० ७०, ईझेड८० ९०, ईझेड८१ १५०. हे आकडे सरसकट नसतात. ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज चढलं की मर्यादा उतरते. जीझेड३४ ४५० व्होल्टपर्यंत २५० मिलिअँपिअर देतो, ५५० व्होल्टला मात्र १६०च.

आपला अँप किती घेतो हे मोजायला सगळ्या व्हॉल्व्हचे कॅथोड करंट मिळवा. डायनाको एसटी-७० हा स्टिरिओ व्हॉल्व्ह अँप चांगलं उदाहरण आहे. एकच जीझेड३४, त्यावर चार ईएल३४ आउटपुट व्हॉल्व्ह. दोन ईएल३४ मिळून १५.६ ओहमच्या रेझिस्टरवर १.५६ व्होल्ट यावेत असा बायस लावायचा, म्हणजे जोडीचे १०० मिलिअँपिअर. दोन चॅनेलचे २००, वर ड्रायव्हरचे (आउटपुटच्या आधीच्या व्हॉल्व्हचे) थोडे. म्हणजे तिथला जीझेड३४ मर्यादेच्या जवळच जगत असतो. तिथे ५वाय३ बसवणं अशक्यच, आणि कुणी ‘थोडा हॉट बायस’, म्हणजे जास्त करंटचा, लावून बसलं की बिचारा रेक्टिफायर आधी जातो.

तिसरा: पहिला कपॅसिटर, आणि त्याच्यामागचा रेझिस्टन्स

इथे जरा थांबू, कारण नव्या रेक्टिफायरची सर्वांत जास्त हत्या इथेच होते.

कपॅसिटर-इनपुट फिल्टरमध्ये व्हॉल्व्ह सतत करंट देत नाही. एसीच्या प्रत्येक शिखरावर थोडा वेळच तो चालू होतो, आणि तेवढ्यात कपॅसिटरची तूट भरून काढतो. सरासरी १०० मिलिअँपिअर असेल तर त्या क्षणांचा करंट तिच्या कितीतरी पट असतो. पहिला कपॅसिटर जितका मोठा, तितके ते ठोके उंच आणि अरुंद. सुरुवातीला रिकामा कपॅसिटर भरतानाचा ठोका तर सगळ्यांत मोठा.

म्हणून डेटाशीट, म्हणजे व्हॉल्व्ह बनवणाऱ्याचा माहितीकागद, कमाल कपॅसिटर सांगते: जीझेड३४ला ६० मायक्रोफॅरड, ५यू४जीबीला ४०, ईझेड८० आणि ईझेड८१ला ५०. ५वाय३च्या जुन्या आकड्यांत १० ते २० मायक्रोफॅरडचीच भाषा आहे. ५आर४जीवाय उंच रिव्हर्स (उलट दिशेचं) व्होल्टेज सोसतो, २८०० व्होल्टपर्यंत, पण त्याच्या शीटवर कपॅसिटर फक्त ४ मायक्रोफॅरडचा. तो मुळात चोक-इनपुटचा, म्हणजे कपॅसिटरआधी चोक (लोखंडी गाभ्यावरचं तारेचं वेटोळं) असलेल्या फिल्टरचा, प्राणी आहे. एसटी-७०चा पहिला कपॅसिटर मूळचा ३० मायक्रोफॅरडचा. ‘अपग्रेड’ म्हणून तिथे १०० लावणारे लोक मी पाहिलेत, आणि मग तेच ‘आजकालचे व्हॉल्व्ह टिकत नाहीत’ अशी तक्रार करतात. गुणगुण कमी करायची असेल तर पहिला तसाच ठेवा आणि चोक किंवा रेझिस्टरनंतरचा दुसरा वाढवा. तो भार रेक्टिफायरला तसा झटक्याने दिसत नाही.

दुसरी बाजू रेझिस्टन्सची. प्रत्येक प्लेटमागे किमान इतके ओहम हवेत असं डेटाशीट सांगते, आणि व्होल्टेजप्रमाणे तो आकडा वाढतो. तुमचा किती हे असं काढा: सेकंडरीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या उंच व्होल्टेजच्या वाइंडिंगच्या) अर्ध्या भागाचा रेझिस्टन्स मोजा, प्रायमरीचा (मेन्सकडच्या वाइंडिंगचा) मोजा. दोन्हींच्या व्होल्टेजचं गुणोत्तर काढून त्याचा वर्ग करा, त्याने प्रायमरीच्या ओहमला गुणा, आणि बेरीज करा. समजा प्रायमरी २३० व्होल्ट, १० ओहम. सेकंडरी ३५०-०-३५०, अर्धा भाग ६० ओहम. गुणोत्तर १.५२, वर्ग २.३, म्हणजे २३ ओहम; एकूण ८३. डेटाशीट १२५ मागत असेल तर प्रत्येक प्लेटच्या तारेत ४७ ओहम, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घाला. हल्लीच्या टोरॉइडल (गोल कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचा रेझिस्टन्स फार कमी असतो, तिथे हे गणित टाळू नका.

चौथा: व्होल्टेजचा पडाव

व्हॉल्व्ह स्वतःत काही व्होल्ट खातो. जीझेड३४ २२५ मिलिअँपिअरला साधारण १७ व्होल्ट, ५व्ही४जी १७५ला २५, ५यू४जी २२५ला ४४, ५आर४जीवाय २५०ला ६७. ५वाय३ मात्र १२५ मिलिअँपिअरलाच ५० ते ६० व्होल्ट खातो. वरचे ठोके लक्षात घेतले तर प्रत्यक्षातला फरक या आकड्यांपेक्षाही जास्त निघू शकतो.

माझ्या ६व्ही६ला नेमकं काय झालं ते मांडतो. कॅथोड रेझिस्टर ४७० ओहम. ५वाय३ असताना कॅथोडवर १८ व्होल्ट, म्हणजे ३८.३ मिलिअँपिअर, स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या एका जाळीचे) अडीच वजा करून प्लेटचे ३५.८. प्लेट आणि कॅथोडमध्ये ३२० वजा १८, म्हणजे ३०२ व्होल्ट. गुणाकार १०.८ वॅट. जीझेड३४ लावल्यावर कॅथोडवर २०.५ व्होल्ट, करंट ४३.६, स्क्रीनचे तीन वजा करून ४०.६. मधलं व्होल्टेज ३३४.५. गुणाकार १३.६ वॅट. जुन्या ६व्ही६जीटीची मर्यादा १२. व्होल्टेज जेमतेम अकरा टक्के वाढलं, पण प्लेटची उष्णता पाव पटीहून जास्त. कारण करंटही सोबत चढतो.

यावर इलाज आहेत. कॅथोड रेझिस्टर वाढवता येतो, किंवा पहिल्या कपॅसिटरनंतर ६८० ओहमचा रेझिस्टर घालून वाढीव पस्तीसएक व्होल्ट तिथे पाडता येतात. पण मग पुन्हा ५वाय३ लावायचा झाला की तेही बदला. मी मुकाट्याने ५वाय३ आणला. फिक्स्ड बायसच्या (करंट वेगळ्या ठरावीक व्होल्टेजने लावलेल्या) अँपमध्ये रेक्टिफायर बदलला की बायस नव्याने लावायचाच, यात सूट नाही. आणि व्होल्टेज खाली गेलं तरी लावायचा, नाहीतर व्हॉल्व्ह उगाच थंड पडून आवाज करकरतो.

तापायला लागणारा वेळ

५वाय३, ५यू४, ५आर४ हे डायरेक्टली हीटेड: फिलामेंट हाच कॅथोड. काही सेकंदांत बी प्लस हजर, पण आउटपुट व्हॉल्व्ह अजून गारच. भार नाही म्हटल्यावर व्होल्टेज जवळपास शिखराला जाऊन बसतं. ३५० व्होल्टच्या सेकंडरीला ते ४९५ होतं. जीझेड३४, ५व्ही४, ईझेड८१ यांना वेगळा कॅथोड, तो सावकाश तापतो आणि व्होल्टेज अलगद चढतं. म्हणून जीझेड३४च्या जागी ५यू४जीबी लावायच्या आधी, फिलामेंटचा हिशेब जमला तरी, सगळ्या कपॅसिटरांवरचं व्होल्टेज वाचा. तिथे ४५० लिहिलं असेल तर नाद सोडा. प्लग-इन सॉलिड स्टेट (आत व्हॉल्व्हऐवजी डायोड असलेल्या) रेक्टिफायरचं तर विचारूच नका: पडाव जवळजवळ शून्य आणि बी प्लस पहिल्याच क्षणी. मूळ डिझाइन तसं नसेल तर मी ते फक्त चाचणीपुरतं वापरतो.

जीझेड३४मध्ये कॅथोड आतून पिन ८ ला जोडलेला असतो. बी प्लसची तार पिन २ वर असेल, आणि जुन्या हातबनावटीच्या अँपांत ती बरेचदा असते, तर आधी ती ८ वर हलवा. सॉकेटच्या रिकाम्या पिनांवर कुणी दुसऱ्याच तारा टेकवून ठेवल्यात का तेही बघा.

स्टँडबाय स्विच (फिलामेंट चालू ठेवून बी प्लस तोडणारा) रेक्टिफायर आणि पहिला कपॅसिटर यांच्या मध्ये असेल तर तो व्हॉल्व्हचा शत्रूच समजा. तापलेला कॅथोड आणि समोर रिकामा कपॅसिटर, दर वेळी. मी तो चालूच ठेवतो.

विकत घेताना

नोव्हलमध्ये गोंधळ कमी. ईझेड८०च्या जागी ईझेड८१ चालतो, पिना त्याच. फक्त हीटरला ०.६ ऐवजी १ अँपिअर लागतो, तेवढी जागा ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगमध्ये हवी. उलट दिशेने जायचं तर एकूण करंट ९० मिलिअँपिअरच्या आत हवा. ८३ हा जुना पारा-वाफेचा व्हॉल्व्ह निळा उजेड देतो म्हणून मोह होतो, पण फुटला तर पारा घरात. शोभेसाठी ही जोखीम मी घेणार नाही.

ऑक्टलमध्ये मात्र छापील नावावर विसंबू नका. ‘५वाय३’ छापलेले काही नवे व्हॉल्व्ह आतून इनडायरेक्टली हीटेड निघतात, आणि मग पडाव कमी, बी प्लस जास्त. म्हणजे माझ्या जीझेड३४चीच गोष्ट, वेगळ्या लेबलखाली. ओळखायचं असं: प्लेटच्या वरच्या तोंडातून बघा. बारीक पट्टी उलट्या ‘व्ही’सारखी हुकाला टांगलेली आणि पूर्ण लांबीभर लाल होणारी असेल तर ती डायरेक्ट. जाड पांढरी नळी आणि फक्त टोकाला उजेड असेल तर इनडायरेक्ट.

मलार्ड या ब्रिटिश कंपनीच्या ब्लॅकबर्न कारखान्यातल्या जुन्या जीझेड३४ला आजही मोठा भाव आहे, म्हणून खोटेही भरपूर. वरचं नाव पुसून नवं छापणं सोपं असतं. काचेच्या तळाशी राखाडी कोड शोधा: पहिल्या ओळीत ‘एफ३१’ ते ‘एफ३४’ असा, दुसऱ्या ओळीची सुरुवात ब्लॅकबर्नच्या ‘बी’ने. तो नसेल तर मलार्डचा भाव देऊ नका. फुगीर काचेचा ५यू४जी आपल्या जाळीखाली मावतो का हेही आधी मोजा. आणि अँपमध्ये व्हॉल्व्ह आडवा बसत असेल तर फिलामेंटचं प्रतल उभं राहील असं बघा, नाहीतर तापून लोंबलेलं फिलामेंट प्लेटला टेकतं.

लावायचा दिवस

शक्य असेल तर प्रत्येक प्लेटच्या तारेत १एन४००७ डायोड घाला. व्हॉल्व्ह आत शॉर्ट झाला तरी एसी थेट कपॅसिटरवर जात नाही. ३५०-०-३५०ला रिव्हर्स व्होल्टेज ९९० पर्यंत जातं आणि डायोडची मर्यादा १०००, म्हणून प्रत्येक बाजूला दोन-दोन सिरीजमध्ये. फ्यूज मूळ आकड्याचाच, स्लो-ब्लो.

पहिल्यांदा अँप सिरीज बल्बवर, म्हणजे मेन्सच्या तारेत मध्ये बल्ब जोडून, चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग बल्ब काढून थेट मेन्सवर. खोली अंधारी ठेवा, आणि पहिली पाच मिनिटं आउटपुटच्या प्लेटांवरून नजर हटवू नका. मीटरच्या क्लिपा प्लग काढलेला असतानाच लावायच्या, हात बाजूला घेऊन मग स्विच. फिलामेंट ४.५ ते ५.५ व्होल्टमध्ये, बी प्लस, प्रत्येक कॅथोडचं व्होल्टेज. वरचा गुणाकार करून प्लेटचे वॅट काढा. तासाभराने अँप बंद करा आणि ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघा. हात दहा सेकंद ठेवता आला नाही तर फिलामेंटच्या हिशेबाकडे परत जा.

हे सगळे आकडे मी एका कागदाच्या पट्टीवर लिहून चासीच्या आत चिकटवतो, तारखेसकट. त्या ६व्ही६वाल्या अँपच्या पट्टीवर शेवटची ओळ लाल पेनाने आहे: ‘खणात जीझेड३४ आहे. लावू नये.’